इंग्रजी पावसाचं वाहन

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझा नवरा माझ्याशी इंग्रजीतून बोलला. मला इंग्रजी येत नव्हतं, आजबी येत न्हाई, पण दुसरा इलाजच नव्हता. अंबडला कचेरीच्या मागल्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, अन् मधल्या दारात बसलेल्या सासूबाई. त्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं न्हाई अन् बायकोनं मान वर करायची न्हाई, असा तेव्हाचा रिवाज. सासूबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी सून म्हणून जसे दिवस काढले तसे मीबी काढावे, एवढंच त्यांचं म्हणणं.

नवरा शाळेत इंग्रजीचा मास्तर. निजामाचं राज्य, शाळेचा सगळा कारभार उर्दूतून. हिशेब उर्दूत, इतिहास उर्दूत. इंग्रजीचा तेवढा एक तास यांचा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस औरंगाबादेला राहून इंग्रजी शिकून आला म्हणून अंबडात यांना मोठा मान. बाजारात लोक बाजूला सरून वाट द्यायचे. तो मान यांना आवडायचा. कोणाला आवडत न्हाई?

मिडलच्या परीक्षेला बसणारी पोरं सकाळी आमच्या ओसरीवर यायची. मिडल पास झालं की पोरगा रेल्वेत चिकटायचा, कचेरीत लागायचा, न्हाईतर मास्तर व्हायचा. नापास झालं की परत औतामागं. हे पोरांकडं तोंड करून शिकवायचे, पण इंग्रजी बोली, म्हणजे त्यांच्या म्हणी, सांगायची वेळ आली की मान सैंपाकघराच्या दाराकडं वळायची अन् आवाज चढायचा. आधी इंग्रजी, मंग मराठीत अर्थ. पोरांना वाटायचं मास्तर घसा मोकळा करून राह्यले. मला ठाऊक होतं हे माझ्यासाठी आहे. पटलं तर मी तवा हळू ठेवायची, न्हाई पटलं तर आदळायची. आमचा संसार असा चालायचा.

त्या साली परीक्षेला एक आख्खा धडा हवामानाच्या बोलींचा होता. ढग, वारा, ऊन, पाऊस, वीज, सगळ्यांवर इंग्रजांनी काही ना काही म्हणून ठेवलेलं. सुखात सोबत अन् संकटात पसार, असा जो मित्र तो उघडिपीतला मित्र. एवढ्याशा गोष्टीचा गवगवा केला तर ते चहाच्या कपातलं वादळ. चहा आमच्या घरात पाहुणे आले तरच व्हायचा, त्यात वादळ कुठून येणार? प्रत्येक ढगाला म्हणे चांदीची किनार असती, म्हणजे वाईटातबी काही चांगलं असतं. अन् कोण्या माणसाचा लोकांना संशय आला की तो ढगाखाली आला म्हणायचं. हे ऐकून मी तवा असा आदळला की सासूबाई दचकल्या. ढग म्हणजे वाईट, हे मला पटेच ना. आमच्या भागात मृग कोरडा गेला तर माणसं ढगासाठी देव पाण्यात ठेवतात.

अर्थापर्यंत सगळं ठीक होतं. अर्थ पुस्तकात छापलेले होते. पण त्या साली असं कानावर आल्तं की परच्यात, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, बोलीचा अर्थ विचारतील अन् उगमबी विचारतील. ही बोली आली कुठून, ते लिहा. उगम पुस्तकात नव्हता. अन् पोरं तर आमच्या मातीतली. आमच्याकडं म्हण आली की तिच्यामागं गोष्ट लागतीच. गोष्ट न्हाई तर म्हण कसली? एका सकाळी यांनी सांगितलं, साहेबाच्या देशात फार मोठा पाऊस आला म्हणजे कुत्री अन् मांजरं पडून राह्यली असं म्हणतात. ओसरीवर हशा पिकला. मंग एक पोरगं म्हणलं, "कामून म्हणतात, मास्तर?"

यांनी पुस्तकाची पानं चाळली. मला आतून कळलं, गडी अडकला.

"उद्या सांगतो," म्हणले अन् पोरांना काढून दिलं.

दुपारी जेवायला बसले तेव्हा सासूबाई शेजारी गेल्त्या. मी भाकर वाढता वाढता चुलीकडं तोंड करून म्हणलं, "त्यांच्या पंचांगात पावसाचं वाहन असंल कुत्रं अन् मांजर."

यांचा घास हातातच राह्यला.

माझे वडील गावात पंचांग वाचायचे. ब्राह्मण नव्हते, शेतकरीच, पण अक्षर वाचता येणारे गावात तेवढे तेच. पाडव्याला सगळा गाव आमच्या अंगणात बसायचा अन् विचारायचा, औंदा मृगाला वाहन काय? आर्द्राला काय? पावसाचं प्रत्येक नक्षत्र कशावर तरी बसून येतं. म्हैस, हत्ती, बेडूक असलं की पाणीच पाणी. कोल्हा, मेंढा आला की बापे गप घरी जायचे. मी त्यातच वाढले, त्याच पंचांगावर अक्षर शिकले. मंग पावसाच्या गोष्टीत जनावर आलं तर दुसरं काय समजायचं माणसानं? मला त्यात चूक वाटली न्हाई अन् आजबी वाटत न्हाई.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरून आवाज आला. "जुन्या काळी इंग्लंडात पंचांग असायचं. त्यात पावसाच्या नक्षत्राला वाहन असायचं. वाहन कुत्रं-मांजर असलं की धो धो पाऊस. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात हे आहे. लिहून घ्या."

खरं सांगू का, मला लई आनंद झाला. अंबडच्या विद्वान मास्तरांनी माझं बोलणं उचललं अन् पोरांना लिहून दिलं. पुस्तकाचं नाव पुढं केलं त्याचा मला राग आला न्हाई. बायकोनं सांगितलं असं कोणता मास्तर म्हणंल?

परीक्षा जालन्याला झाली. परच्यात नेमकी तीच बोली आली. पोरं उड्या मारत परत आली. एक तर ओसरीवर येऊन यांच्या पाया पडलं. हे दोन दिवस आरशासमोर जास्तच वेळ उभे राह्यले. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ते पुढं.

आषाढ लागला तेव्हा निकाल आला. सगळ्या तालुक्यांचा आला, आमच्या शाळेचा न्हाई. तो रोखून ठेवला होता. हैदराबादच्या तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की या शाळेच्या झाडून सगळ्या पोरांनी एका प्रश्नाला एकच उत्तर दिलंय, शब्दाला शब्द. अन् ते उत्तर जगातल्या कोणत्याबी पुस्तकात न्हाई. म्हणजे परीक्षेत कोणीतरी चिठ्ठी फिरवली. चौकशीला तालीम खात्याचे मोहतमिम, म्हणजे शाळांचे तपासनीस, स्वतः येणार होते. नक्कल ठरली तर पोरं कायमची बाद. मिडलला पुन्हा बसायचीबी परवानगी न्हाई.

ज्याच्या-त्याच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. लोक आमच्या दारावरून जाताना मान वळवून पाहायचे. एक शेतकरी बाप तर सरळ ओसरीसमोर लिंबाखाली येऊन बसला. त्याचं पोरगं सगळ्यात हुशार, जालन्याच्या स्टेशनात त्याच्यासाठी जागा बोलून ठेवलेली. पास झाला की रुजू व्हायचं, एवढंच बाकी. तो मोठ्यानं बोलला न्हाई, भांडला न्हाई. हे शाळेत निघाले तेव्हा उठून उभा राह्यला.

"मास्तर, माझं पोरगं खोटं बोलत न्हाई. ते म्हणतंय तुमीच शिकवलं. तुमी काय म्हणता?"

यांनी जोड्यात पाय घातला, काढला, परत घातला. "पाहू," एवढंच म्हणले. तो माणूस परत लिंबाखाली बसला. मला दारामागं उभं राहून यांची अशी चीड आली म्हणून सांगू. पाहू म्हणजे काय? शिकवलं ते शिकवलं.

संध्याकाळी हेडमास्तर आले. घरच्यासारखा माणूस, यांना नोकरीला त्यांनीच लावलेलं. ओसरीवर बसून आवाज खाली घेतला, पण सैंपाकघराला कान होते.

"एवढंच म्हणा, मी हे शिकवलं न्हाई. पोरांनी कुठून लिहिलं मला ठाऊक न्हाई. बस."

"अन् पोरं?"

"शेतकऱ्याची पोरं आहेत, उपाशी न्हाई मरणार. तुमी म्हणलात की मी शिकवलं, तर साहेब विचारतील कोण्या पुस्तकातून. आहे का पुस्तक?"

"न्हाई," हे म्हणले.

"मंग? पुस्तक न्हाई अन् भलतंसलतं शिकवलं, तर इंग्रजी जाईल तुमचं. नोकरीबी जाईल. लेकराबाळांचा विचार करा."

लेकरंबाळं आम्हाला तेव्हा नव्हती, पण तसं म्हणायची पद्धत आहे. हेडमास्तर गेले. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं, अशी गत. मला यांच्याशी दोन शब्द बोलायचे होते, पण सासूबाई दारातून हालल्या न्हाईत, अन् हेबी त्या दिवशी माझ्याकडं तोंड करून काही म्हणले न्हाईत. काय बोलले असते मी? एक मन म्हणत होतं, पोरांचा गळा कापू नका. दुसरं म्हणत होतं, नोकरी गेली तर गावाकडं परत जाऊन दिराच्या हाताखाली राहावं लागंल. दोन्ही मनं माझीच होती. यांच्या मनात काय चाललं होतं ते मला अजिबात कळत नव्हतं, अन् त्याचीच मला जास्त भीती वाटून राह्यली होती.

मोहतमिम साहेब आले तो दिवस ढगाळ होता. पाऊस न्हाई, वारा न्हाई, आभाळ नुसतं खाली उतरलेलं. मी भाजी निवडत बसले होते. गल्लीत गलका ऐकू आला म्हणून फटीतून पाहिलं तर पुढं शेरवानी घातलेला उंच माणूस, त्याच्यामागं कागद धरलेला त्याचा कारकून, पेशकार, हेडमास्तर, अन् मधोमध आमचे हे. मागं पोरांचे बाप. मला वाटलं यांना धरून आणलं. भाजी तशीच टाकून मी उठले.

मंग कळलं ते असं. शाळेत साहेबांनी पोरांना एकेकटं आत बोलावून विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, मास्तरांनी शिकवलं, पुस्तकात आहे म्हणले. साहेब यांच्याकडं वळून म्हणले, चलो, किताब दिखाओ. म्हणून वरात घरी.

साहेब ओसरीवर खुर्चीत बसले. यांच्या पुस्तकांची फळी खोलीत होती, ती ओसरीवरून दिसायची. हे फळीपाशी गेले. हात वर केला. एक पुस्तक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. मी सैंपाकघरात, यांची पाठ मला दिसत होती. सदऱ्याला घामाचा डाग वाढत चालला होता. मला वाटलं, आता हे वळून म्हणणार की मी शिकवलंच न्हाई. हेडमास्तरांना बी तसंच वाटलं असणार, कारण ते पुढं सरकले.

"किताब न्हाई, साहेब," हे म्हणले. "तसली किताबच न्हाई. पण शिकवलं मीच. पोरांनी नक्कल केली न्हाई."

लिंबाखालचा बाप उभा राह्यला.

हेडमास्तर घाईनं म्हणले, "हुजूर, पोरांची कीव येऊन बोलून राह्यले. मन मऊ आहे यांचं."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंबी न्हाई. यांना म्हणले, "मास्तर, झूठी गवाही से लडके नहीं बचेंगे. पढालिखा आदमी ऐसी बात पढाएगा? कहाँ पढी आपने?"

"पढी न्हाई. ऐकली."

"किससे?"

आता इथं यांना गावचा म्हातारा म्हणता आलं असतं, औरंगाबादचा कोणी मेलेला मास्तर म्हणता आलं असतं. यांनी हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं. मंग म्हणले, "माझ्या बायकोकडून."

बाहेर कोणीतरी फिस्कन हसलं. साहेबांचं तोंड लाल झालं. थट्टा करून राह्यला असं वाटलं त्यांना, अन् वाटणारच. "मजाक है? बुलाओ उनको."

सासूबाई उठल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना परक्या बाप्याशी बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणल्या, "आमच्या सुना बापेमाणसांसमोर येत न्हाईत." साहेब लगेच नरमले. त्यांच्यातबी पडदा असतो. दाराआडूनच बोलू द्या म्हणले. पेशकार मराठी माणूस, त्यानं प्रश्न मराठीत विचारायचा अन् उत्तर उर्दूत सांगायचं. अन् यांना बोट दाखवून सांगितलं, "आप कुछ नहीं बोलेंगे. खाँसेंगे भी नहीं."

मी दाराआड येऊन उभी राह्यले.

"बाई, कुत्र्या-मांजराच्या पावसाची गोष्ट तुमी सांगितली का मास्तरांना?"

आता ऐका. मी नुसतं न्हाई म्हणलं असतं, तर काय झालं असतं? गावानं म्हणलं असतं, मास्तर किती मोठ्या मनाचा, पोरांसाठी खोटं बोलला. यांचा मान दुप्पट झाला असता. बुडाली असती ती पोरं. अन् हो म्हणलं, तर पोरं वाचतील, पण अंबडचा विद्वान मास्तर बायको चुलीपाशी बोलती ते शिकवतो, हे आख्ख्या तालुक्याला कळंल. फटीतून मला यांचा अर्धा चेहरा दिसत होता. ते खाली पाहून राह्यले होते. हो म्हण की न्हाई म्हण, काहीच कळेना. आजवर दाराच्या या फटीतून मला यांचं सगळं कळायचं, नेमकं त्या वेळी कळलं न्हाई.

"हो," मी म्हणलं. "मीच म्हणलं."

"तुमाला इंग्रजी येतं?"

"न्हाई."

"मंग हे कुठून आणलं?"

मंग मी वाहनं सांगितली. म्हैस, बेडूक, कोल्हा, मेंढा. पेशकार उर्दूत सांगत गेला. साहेबांना पंचांगाचं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी दोनदा विचारलं, खरंच असं असतं का? बाहेरचे सगळे बाप एकदम म्हणले, असतं असतं, हुजूर. पण साहेब पक्के होते. म्हणले, हे तर घरात पढवून ठेवता येतं. त्यांनी पेशकाराच्या कानात काहीतरी सांगितलं.

पेशकार म्हणला, "बाई, इंग्रज लोक म्हणतात, मी हवामानाच्या खाली आहे. म्हणजे तब्येत जरा बरी न्हाई. ही बोली कशी आली असंल? आत्ता सांगा. विचार करायला वेळ न्हाई."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी आभाळाकडं पाहिलं. दुसरं काय करणार?

"आजच्यासारखं आभाळ खाली येतं तेव्हा आमच्या सासूबाईंचे गुडघे धरतात," मी म्हणलं. "दमेकरी धापा टाकतो. आभाळ वर असलं की माणूस मोकळा. ते अंगावर बसलं की माणूस त्याच्या खाली दबतो. तसंच असंल."

सासूबाई आपसूक म्हणल्या, "खरं आहे." कोणी हसलं न्हाई.

साहेबांनी आणखी एक विचारली. पेशकारानं सांगितली, "पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवणं. म्हणजे अडीअडचणीसाठी जपून ठेवणं. ही कुठून आली?"

याला तर मला दम घ्यायची गरज पडली न्हाई. "बियाणं," मी म्हणलं. "पेरणीचं बियाणं राखून ठेवतात. घरात खायला न्हाई तरी त्या गाडग्याला हात लावत न्हाईत. पाऊस ज्या दिवशी येईल त्या दिवसासाठीच असतं ते. साहेबाच्या देशातबी शेतकरी असतीलच की."

पेशकारानं उर्दूत सांगितलं. बाहेर बाप मंडळी हुंकार देऊन राह्यली होती. साहेबांनी यांच्याकडं पाहिलं. "ये भी पढाया आपने लडकों को?"

"न्हाई, साहेब," हे म्हणले. "हे मी आज पहिल्यांदा ऐकलं."

साहेबांनी टाळूवरून हात फिरवला. मंग हेडमास्तरांना म्हणले, "ये परचे में आता, तो मास्तर यहीं से सुनकर पढाते और सब लडके यही लिखते. नक्कल नहीं हुई. नतीजा जारी होगा." त्या एका प्रश्नाचे गुण सगळ्यांचे कापायचे, बाकी निकाल जसाच्या तसा. लिंबाखालचा बाप मटकन खाली बसला अन् पटक्यानं तोंड पुसायला लागला. माझेबी डोळे भरून आले. वाटलं, सुटलो.

"मगर मास्तर," साहेब उठता उठता म्हणले, काही राग न धरता म्हणले, "अंग्रेजी आज से आप नहीं पढाएँगे."

नोकरी राह्यली. यांना पहिल्या जमातीवर, म्हणजे पहिलीच्या वर्गावर, टाकलं. इंग्रजीला औरंगाबादेहून नवीन मास्तर आले, कोट घालणारे.

पुढं कितीतरी वर्षांनी, आमची नात कॉलेजात शिकायला लागली तेव्हा मी तिला त्या बोलींचे खरे उगम काढायला लावले. तिनं मोठी मोठी पुस्तकं पाहिली. हवामानाच्या खाली, ती म्हणे जहाजावरची बोली. खलाशी आजारी पडला की त्याला वारा-पाणी लागू नये म्हणून खाली नेऊन झोपवायचे, असं बरेच जण सांगतात. उघडिपीतला मित्र तर सरळच, ऊन आहे तोवर सोबत, आभाळ फिरलं की दिसायचा न्हाई. पावसाच्या दिवशी तिकडं मजुराला काम मिळायचं न्हाई म्हणून त्या दिवसासाठी राखून ठेवायचं. बरं, म्हणलं, अन् कुत्री-मांजरं? ती म्हणली, आजी, ते कोणालाच नक्की ठाऊक न्हाई. कोणी म्हणतं वादळाच्या देवाची कुत्री, कोणी म्हणतं पुरात वाहून आलेली मेलेली जनावरं, कोणी म्हणतं गवताच्या छपरावरून घसरलेली. सगळा अंदाज. हे ऐकून माझं डोकं असं तडकलं की पोरगी घाबरली. ज्याचं उत्तर इंग्रजालाच ठाऊक न्हाई, त्याच्यापायी माझ्या नवऱ्याचं इंग्रजी गेलं.

तर त्या साली निकाल लागला अन् पोरं पास झाली. गल्लीत साखर वाटली. आमच्याबी घरी साखर आली, पण देणारा हसत होता. बाजारात लोक यांना विचारायचे, मास्तर, आज घरून काय शिकून आले? वाट द्यायचे अजून, पण हसून द्यायचे. स्टेशनात लागलेल्या पोराचा बाप तेवढा पहिल्या पगाराला गाडी जुंपून आला, यांच्यासमोर वाकला, अन् काही न बोलता परत गेला.

ओसरी रिकामी झाली. सकाळी कोणी येईना. हे कधी मला रागानं बोलले न्हाईत, एका शब्दानं टोचलं न्हाई. पण बोलायलाच काही उरलं नव्हतं. आधी पोरांच्या निमित्तानं बोलता यायचं, आता ना पोरं ना निमित्त. शाळेतून आले की हातपाय धुवायचे, पाटावर बसायचे, खाली मान घालून जेवायचे अन् उठायचे. सासूबाई दारात. घरात भांड्याचा आवाज तेवढा. मला वाटायचं, मी पोरं वाचवली अन् माझाच माणूस घालवला. हो म्हणलं ते बराबर होतं, हे ठाऊक असूनबी वाटायचं.

एक दिवस मला ते सहन झालं न्हाई. हे जेवत होते, सासूबाई समोर होत्या. मी पदर सारखा केला न्हाई, आवाज खाली घेतला न्हाई. सरळ यांच्याकडं पाहून विचारलं, "आज काय शिकवलं?"

सासूबाईंची मान झटक्यात वर झाली. यांनी आधी आईकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. सासूबाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"बे एके बे," हे म्हणले. "त्याच्यामागं काही गोष्ट नसती."

मी त्यांच्या ताटात भाकर वाढली अन् उठले न्हाई, तिथंच त्यांच्यासमोर बसून राह्यले.